वाचकांचे प्रश्न : कंसवधानंतरची कथा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. जो कथेतील सर्वांत मोठा शत्रू वाटतो, तो कथा मध्यावर येण्याआधीच पराभूत झाला तर पुढे काय, हा तो विषय. म्हणून या अंकातील सदर त्यालाच दिले आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया तेथेच घातलेला आहे.

प्रश्न : मी नुकतीच एक मोठी अद्भुत कादंबरी वाचली. पहिल्या पानापासून ज्या सेनापतीची दहशत उभी केली होती, तो कादंबरीचा तिसरा हिस्सा संपण्यापूर्वीच मारला गेला आणि उरलेली सारी पाने दुसऱ्याच शत्रूशी लढण्यात गेली. मला फसवल्यासारखे वाटले. लेखकाची ही चूक समजावी, की असे मुद्दाम केले जाते?

उत्तर : बहुतेक वेळा हे मुद्दामच केलेले असते आणि नीट केले तर ते कथेचे मोठे बळ ठरते. आपल्याला फसवल्यासारखे वाटले, यात मात्र दोन निरनिराळ्या भावना असू शकतात. आपला अंदाज चुकला ही एक आणि आपण त्या शत्रूविषयी बाळगलेली भीती वाया गेली ही दुसरी. पहिली भावना वाचकाला हवीहवीशी असते, दुसरी लेखकाच्या पदरी अपयश टाकते. आपल्या कादंबरीत यांपैकी नेमके काय झाले, हे ठरवण्यासाठी आपल्या परिचयाची एक कथा पुन्हा आठवून पाहू.

भागवताच्या दहाव्या स्कंधात ९० अध्याय आहेत. त्याच्या आरंभी कंस आपल्या बहिणीच्या वरातीचा रथ स्वतः हाकीत असतो, तोच आकाशवाणी होते आणि तो लगाम सोडून तलवार उपसतो. तेथून पुढे भीतीचे केंद्र एकच, मथुरेचा राजा. पूतना त्याने पाठवलेली, बकासुर त्याचा, अघासुरही त्याचा. ही कथा प्रथमच ऐकणाऱ्याला कंसाचा वध हाच शेवट असणार अशी खात्री वाटत असते. प्रत्यक्षात तो वध ४४ व्या अध्यायात होतो, म्हणजे अर्ध्या वाटेवर पोहोचण्याआधीच. कृष्ण मंचावर झेप घेतो, केस धरून त्याला खाली आखाड्यात ओढतो आणि सगळे संपते.

पण खरोखर संपते का? कंसाच्या दोन राण्या, अस्ति आणि प्राप्ति, विधवा होऊन माहेरी जातात आणि त्यांचे माहेर म्हणजे मगधाचा सम्राट जरासंध. ५० व्या अध्यायात तो तेवीस अक्षौहिणी सैन्य घेऊन मथुरेवर चालून येतो, हरतो, परत येतो आणि असे सतरा वेळा घडते. अखेरीस कृष्णाला आपल्या माणसांसह मथुरा सोडून समुद्रात उभारलेल्या द्वारकेत जावे लागते. ज्याने कंसाला मारून मथुरा मुक्त केली, त्यालाच त्या मुक्ततेपायी मथुरा सोडावी लागली, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. महाभारताच्या सभापर्वात कृष्ण युधिष्ठिराला स्वतःच्या तोंडाने सांगतो की जरासंधाच्या भयाने आम्ही मथुरा सोडली. नायकाच्या तोंडी ही कबुली घालायला कथाकाराजवळ मोठे धैर्य लागते.

आता हीच साखळी पुढे नेऊन पाहावी. सभापर्वात जरासंध हा सर्वांत मोठा धोका आहे. त्याने ८६ राजे बंदीत टाकले आहेत, शंभर भरले की तो त्यांचा बळी देणार आहे आणि तो जिवंत असेपर्यंत युधिष्ठिराचा राजसूय यज्ञ होणे शक्य नाही. अठरा पर्वांच्या त्या ग्रंथात हा सम्राट दुसऱ्याच पर्वात, भीमाबरोबरच्या कुस्तीत मारला जातो. बंदिवान राजे सुटतात, यज्ञ होतो, यज्ञात जमलेले वैभव दुर्योधन पाहतो आणि त्या मत्सरातून त्याच पर्वात द्यूत घडते. जरासंध मेला नसता तर राजसूय झाला नसता आणि राजसूय झाला नसता तर तो पट मांडण्याचे कारणही तसे उरले नसते.

पहिला खलनायक मेल्याने कथेतील धोका कमी होत नाही, त्याची जागा बदलते. जरासंध बाहेरचा होता, दूरच्या नगरात तट बांधून बसलेला होता. दुर्योधन घरातला आहे, एकाच गुरूजवळ शिकलेला आहे. सैन्याच्या हिशेबाने पाहिले तर मगधाचा सम्राट कितीतरी मोठा वाटतो, पण ज्याला मारताना हात कापावा असा शत्रू दुसरा आहे आणि तो पहिला दूर झाल्याशिवाय आपल्याला दिसत नाही.

आपण वाचलेल्या कादंबरीला हाच प्रश्न विचारून पाहावा. त्या सेनापतीच्या मृत्यूमुळे काय घडले? नवा शत्रू त्या मृत्यूतून आला असेल, किंवा सेनापती होता म्हणूनच आजवर दबून राहिला असेल, तर आपली भीती वाया गेलेली नाही. दोन्ही घटना केवळ एकामागून एक आल्या असतील आणि सेनापतीचे प्रकरण कापून टाकले तरी पुढचे काहीच ढळत नसेल, तर आपली तक्रार रास्त आहे.

प्रश्न : पण असा लवकर मरणारा खलनायक मुख्य खलनायकापेक्षा दुबळाच असतो ना? नाहीतर तो इतक्या लवकर हरेल कसा?

उत्तर : तो पुढच्यापेक्षा कमी असू शकतो, पण त्या क्षणी नायकापेक्षा दुबळा दिसला तर सगळेच फसते. वाल्मीकींच्या अरण्यकांडातील खराचे उदाहरण घ्यावे. विरूप झालेली शूर्पणखा आधी रावणाकडे जात नाही, ती जनस्थानात आपला भाऊ खर याच्याकडे जाते. खर आधी चौदा राक्षस पाठवतो आणि ते मारले गेल्यावर चौदा हजारांचे सैन्य घेऊन स्वतः येतो. राम सीतेला लक्ष्मणाबरोबर गुहेत पाठवतो आणि एकटा उभा राहतो. वनवासाच्या इतक्या वर्षांत एवढे मोठे संकट त्याच्यासमोर आलेले नाही.

या युद्धातील दोन बारकावे मला फार महत्त्वाचे वाटतात. खराच्या बाणांनी रामाचे धनुष्य तुटते आणि कवच गळून पडते, त्यामुळे त्याला अगस्त्यांनी दिलेले वैष्णव धनुष्य हाती घ्यावे लागते. पुढे जखमी, रक्ताने माखलेला खर अंगावर धावून येतो तेव्हा बाण सोडण्यापुरते अंतर मिळावे म्हणून राम दोन-तीन पावले मागे सरतो. ही पावले परंपरा विसरली नाही. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त लव आपल्या बापाला न ओळखता त्याच्या पराक्रमातील उणिवा मोजतो, तेव्हा ताटका आणि वाली यांच्या बरोबरीने खराच्या युद्धातील या तीन पावलांचाही उल्लेख करतो. ज्याच्यासमोर राम मागे सरला तो दुबळा असू शकत नाही.

याच कांडात पुढे अकंपन नावाचा राक्षस रणातून निसटून लंकेला जातो आणि रावणाला जनस्थानाच्या नाशाची बातमी देतो. रामाचा विजय जितका मोठा, तितकी ती बातमी रावणाला अधिक झोंबणारी. खर लेचापेचा दाखवला असता तर रावणाने कदाचित ती मनावरही घेतली नसती. पहिल्या खलनायकाच्या बळावरच दुसऱ्याचा प्रवेश तोललेला असतो, तो असा.

प्रश्न : या पात्रप्रकाराला मराठीत काही नाव आहे का?

उत्तर : रुळलेले असे नाव नाही. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रावरील संस्कृत ग्रंथात प्रतिनायकाचे लक्षण लोभी, उद्धत, ताठर, पापी आणि व्यसनी असा नायकाचा शत्रू, असे दिलेले आहे, पण तेथे विचार एकाच प्रतिनायकाचा आहे, त्यांच्या क्रमाचा नाही. मी लिहिताना ‘पहिला खलनायक’ असे साधेच म्हणतो. ‘तोतया खलनायक’ असा शब्द एका वाचकाने सुचवला आहे, परंतु तो मला पटत नाही. तोतया म्हणजे खोटा आणि कंस किंवा खर यांच्यात खोटे काहीच नाही.

प्रश्न : महिषासुर याच प्रकारात बसतो का? देवीच्या कथेतला मुख्य दैत्य तोच, असे आम्ही समजत होतो, पण सप्तशती वाचताना तो फार लवकर मारला जातो असे लक्षात आले.

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. देवीमाहात्म्याच्या तेरा अध्यायांपैकी तिसऱ्यातच महिषासुराचा वध होतो आणि सर्वाधिक विस्तार शुंभ-निशुंभांच्या कथेला मिळालेला आहे. तरीही मी त्याला या प्रकारात घालणार नाही, कारण मधु-कैटभ, महिषासुर आणि शुंभ-निशुंभ ही तीन स्वतंत्र चरिते आहेत. महिषाच्या मृत्यूमुळे शुंभ उठत नाही. शुंभाच्याच कथेत पाहायचे तर चंड-मुंड आणि त्यांच्यामागून येणारा रक्तबीज यांचा विचार करावा. रक्ताच्या प्रत्येक थेंबातून नवा दैत्य उभा राहतो, त्यामुळे शुंभाशी गाठ पडण्यापूर्वीच हा शत्रू अजिंक्य वाटू लागतो.

प्रश्न : व्हिडिओ गेममध्ये हा प्रकार सर्रास आढळतो. तेथे त्याचे काही वेगळे कारण आहे का?

उत्तर : आहे. खेळणाऱ्याला शिकवावे लागते आणि पहिला मोठा शत्रू ही त्या शिकवणीची परीक्षा असते. १९९१ सालच्या ‘अ लिंक टू द पास्ट’ या खेळात आगानिम नावाचा जादूगार हाच अखेरचा शत्रू वाटतो. तीन पदके आणि तलवार मिळवून त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते आणि त्याने फेकलेले जादूचे गोळे तलवारीने त्याच्यावरच परतवावे लागतात. तो हरल्यावर नायक दुसऱ्या, अंधाऱ्या जगात खेचला जातो आणि खेळाचा मोठा भाग अजून उरलेला आहे हे कळते. त्या जगाच्या शेवटाकडे तोच जादूगार पुन्हा भेटतो, या वेळी तीन रूपांत, आणि आधी शिकलेली युक्ती आता खरा कोणता हे ओळखून वापरावी लागते.

दुसरे कारण नकाशाचे आहे. १९९७ चा ‘फायनल फँटसी सेव्हन’ तीन सीडींवर आला होता. त्यातील शिनरा कंपनीचा अध्यक्ष हाच सर्व दुःखांचे मूळ वाटतो आणि पहिली सीडीही संपलेली नसताना तो आपल्या कचेरीतील टेबलावर मरून पडलेला आढळतो, पाठीत लांबलचक तलवार खुपसलेली. नायकांनी त्याला मारलेलेच नाही. त्यानंतर ते प्रथमच शहराबाहेर पडतात आणि ज्याला आपण जग समजत होतो ते एकच शहर होते, हे खेळणाऱ्याला उमगते.

प्रश्न : ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये मेलेल्यांची फौज घेऊन येणारा नाइट किंग असाच आधी, घाईने मारला गेला. मग प्रेक्षक एवढे का चिडले?

उत्तर : २०११ साली या मालिकेची सुरुवात झाली ती भिंतीपलीकडच्या या थंडगार संकटापासूनच. मालिकेचे एकूण ७३ भाग झाले आणि २०१९ च्या शेवटच्या पर्वातील तिसऱ्या भागात, म्हणजे अखेरचे तीन भाग बाकी असताना, एका रात्रीच्या लढाईत नाइट किंग संपला. उरलेल्या भागांत सिंहासनासाठी माणसांचा माणसांशी झगडा चालला.

मृत्यू संपल्यावर माणसेच एकमेकांच्या जिवावर उठतात, ही कल्पना मला स्वतःला चांगली वाटते. जरासंधानंतर दुर्योधन, याच जातीची ती कल्पना आहे. बिघडले ते पुढे. आठ पर्वे ज्याचे सावट पडले होते, तो गेल्यावर त्या लोकांच्या वागण्यात, बोलण्यात, भीतीत त्याचा फारसा माग उरत नाही. सैनिक कमी झाले, थकले, एवढाच हिशेब होतो. मेलेली माणसे उठून चालताना ज्यांनी पाहिली, त्यांनी पुढच्याच आठवड्यात जुन्या राजकारणात जणू काही घडलेच नाही अशा रीतीने परतावे, हे प्रेक्षकाला पटले नाही. शिवाय त्याला काय हवे होते, हेही शेवटपर्यंत पुसटच राहिले. शत्रूचा हेतू न कळता तो गेला तर त्याची पोकळीही कळत नाही. पत्रलेखकाने ‘घाईने मारला’ असे म्हटले आहे, परंतु माझ्या मते मारण्यात घाई झाली त्यापेक्षा त्याला विसरण्यात अधिक झाली.

प्रश्न : मी एका काल्पनिक राज्याची कादंबरी लिहीत आहे. २८ प्रकरणे आहेत. नगराचा क्रूर कोतवाल नवव्या प्रकरणात मारला जातो आणि खरा शत्रू असलेला राजवैद्य पंधराव्या प्रकरणात येतो. वाचून पाहणाऱ्या दोघांनी सांगितले की मध्येच दुसरी कादंबरी सुरू झाल्यासारखे वाटते. काय करावे?

उत्तर : आपले वाचक बरोबर सांगत आहेत आणि दोष आपल्या योजनेत नसून मधल्या पाच प्रकरणांच्या रिकाम्या पट्ट्यात आहे. नवव्यापासून पंधराव्यापर्यंत कथेला शत्रूच नाही.

पहिली दुरुस्ती अशी की राजवैद्याला दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच आणावे, पण शत्रू म्हणून आणू नये. नायिकेच्या धाकट्या भावाला ताप आला आहे आणि हा शांत, मितभाषी माणूस उशाशी बसून मात्रा उगाळतो आहे, एवढे पुरे. वाचकाने त्याच्यावर विश्वास ठेवला पाहिजे. त्याच भेटीत कोतवाल दारात येतो, सगळे दचकतात आणि वैद्य मात्र मान वर न करता उगाळतच राहतो, असे दाखवता आले तर फार चांगले. पहिल्या वाचनात ते धैर्य वाटेल. पुढे सत्य कळल्यावर वाचक त्या पानाकडे परत जाईल.

दुसरी दुरुस्ती कोतवालाच्या मृत्यूनंतरच्या एका तासाची आहे. आपण कळवल्याप्रमाणे दहाव्या प्रकरणात नगरात उत्सव होतो. उत्सव जरूर असावा, पण त्याआधी प्रेताकडे पाहावे. कोतवालाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असणार. तो आता कोणाकडे गेला? मृत्यूची खातरजमा करायला राजवैद्यालाच बोलावतील, हे त्याच्या कामाला धरून आहे. त्याने नाडी पाहावी, डोळे मिटावेत, धोतराच्या सोग्याने हात पुसावेत आणि तो निघून गेल्यावर नायिकेच्या लक्षात यावे की जुडग्यातली एक किल्ली कमी आहे. येथे काहीही समजावून सांगू नये. दहाव्या प्रकरणातील गाणी, दिवे, मिठाई या सगळ्यांखाली ती हरवलेली किल्ली टोचत राहील आणि पाच प्रकरणांचा रिकामा पट्टा आपोआप भरला जाईल.

जुन्या इंग्रजीतील ‘बेओवुल्फ’ या काव्यात असेच एक स्थळ आहे. ग्रेंडेल नावाच्या राक्षसाचा हात बेओवुल्फ खांद्यापासून उपटतो. ३१८२ ओळींच्या काव्यात हे ९०० ओळींच्या आतच घडते. तो हात राजवाड्याच्या छपराखाली विजयाची खूण म्हणून टांगला जातो, मेजवानी होते आणि सारे निर्धास्त झोपतात. त्याच रात्री ग्रेंडेलची आई येते. ती राजाच्या लाडक्या सल्लागाराला उचलून नेते आणि लेकाचा तो हातही घेऊन जाते. तो हात नेण्यामुळे ती केवळ दुसरी राक्षसी राहत नाही, मेलेल्या पोराची आई होते. आपल्या वैद्याचे कोतवालाशी नाते काय होते, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. ते आधी ठरवावे. तो कोतवालाला वापरत होता, त्याला भीत होता, की त्याच्यावर त्याची माया होती? तिन्ही उत्तरांनी तीन निराळ्या कादंबऱ्या होतील आणि मला स्वतःला तिसरी वाचायला आवडेल.

प्रश्न : लवकर हरलेला खलनायक पुढे परत आणावा का?

उत्तर : तोच राग, तीच ताकद घेऊन आणू नये. पराभवाने तो बदललेला असेल तरच आणावा. याचे मला ठाऊक असलेले सर्वांत सुंदर उदाहरण मारीचाचे आहे.

बालकांडात विश्वामित्र दशरथाकडे राम मागतात ते यज्ञात विघ्न आणणाऱ्या मारीच आणि सुबाहूसाठी. त्यांच्यामागे रावण आहे हे ते तेथेच सांगतात आणि ते नाव ऐकून दशरथाचे अवसान गळते. ऐकणाऱ्याच्या कानावर खऱ्या शत्रूचे नाव असे फार आधी पडते, पण पुढच्या घटनांच्या ओघात तो ते विसरतो. यज्ञाच्या वेळी सुबाहू मारला जातो आणि मारीच रामाच्या अस्त्राने शंभर योजने दूर समुद्रात फेकला जातो. त्याचा विषय संपला असे वाटते.

अरण्यकांडात रावण त्याच्याकडे येतो तेव्हा तो जटा आणि वल्कले धारण करून आश्रमात राहणारा एक घाबरलेला जीव झालेला असतो. तो रावणाला सांगतो की मला झाडाझाडात राम दिसतो, आणि ‘र’ने सुरू होणारी नावे, अगदी रत्न आणि रथ हे शब्दसुद्धा, माझ्या मनात धडकी भरवतात. ज्याच्या नावाचे पहिले अक्षर तेच आहे, अशा राजासमोर बसून तो हे बोलतो. रावण त्याला ठार मारण्याची धमकी देतो. मरायचेच तर रामाच्या हातून मरावे, असे ठरवून तो निघतो, सोन्याचा मृग होतो आणि बाण लागल्यावर ज्याच्या भीतीने आयुष्य काढले त्याच्याच आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला हाक मारून प्राण सोडतो.